दार आपणच लावायचे : घरबसल्या समुपदेशन घेण्याची तयारी

तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले आणि आई साताऱ्याचे घर बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत आम्ही दोघे, दहावीतली मुलगी आणि आई असे चौघे झालो. मोठ्याने भांडण असे कधी झाले नाही. मात्र जेवताना बोलणे बंद झाले, नवऱ्याची घरी यायची वेळ लांबत गेली आणि मला पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडू लागले. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, थायरॉईडची चाचणी करून घेतली, हृदयाचा आलेख काढला आणि सगळे ठीक निघाल्यावर समुपदेशकाकडे जाण्यास सुचवले. ठाण्याला जाऊन येण्यात तीन तास मोडणार होते, म्हणून मी ऑनलाइन सत्राची वेळ घेतली.

पहिले सत्र मी बेडरूममध्ये, दार नुसते लोटून घेतले. बाराव्या मिनिटाला आई चहा घेऊन आत आली आणि तिने विचारले, "कोणाशी बोलतेस गं? पोरीच्या क्लासचे सर का?" मी "हो" म्हणाले आणि उरलेला अर्धा तास समुपदेशक बाईंशी परक्यासारखी जुजबी बोलत राहिले. पैसे गेले याचे मला फारसे वाटले नाही. जे बोलण्यासाठी चार महिने धीर गोळा केला होता ते तसेच आत राहिले, याचे फार वाईट वाटले.

दवाखान्यात प्रत्यक्ष गेल्यावर कितीतरी गोष्टी न मागता मिळतात, हे मला त्या दिवशी समजले. बंद दार मिळते, बाहेर कोणीतरी बसलेले असल्याने आत कोणी येत नाही, वेळेचे भान समुपदेशक ठेवतो, जाताना गाडीत मन तयार होते आणि येताना निवते. ऑनलाइन सत्रात यांतले काहीही आपोआप येत नाही आणि ते सगळे आपल्यालाच उभे करावे लागते. ते केले तर हे माध्यम उत्तम काम देते. केले नाही तर चांगला समुपदेशक मिळूनही हाती काही लागत नाही.

हे माध्यम कोणासाठी, आणि कोणासाठी नाही

कामाचा ताण, सुटलेली नोकरी, लग्नानंतरचे पहिले वर्ष, बाळ आल्यानंतरची ओढाताण, मुले शिकायला परदेशी गेल्यावर रिकामे झालेले घर, निवृत्ती, घटस्फोट, घरातला मृत्यू, आईवडिलांची शुश्रूषा अशा प्रसंगांत मुख्य काम बोलण्यातून आणि विचारांची गाठ सोडवण्यातून होते, आणि ते व्हिडिओवर नीट होऊ शकते. तालुक्याच्या गावी, जिथे समुपदेशक नाही किंवा असला तरी त्याच्या जिन्यावर अर्ध्या गावाची नजर असते, तिथे तर हा मोठाच आधार आहे.

काही वेळा मात्र फोनवर विसंबून राहणे धोक्याचे असते. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, चार-पाच दिवस झोपच लागली नसेल आणि बोलणे भरकटत असेल, किंवा रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकदम बंद केल्यावर हात थरथरू लागले आणि भास होऊ लागले असतील, तर पुढच्या आठवड्यातल्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअॅट्री अँड ह्यूमन बिहेवियर आहे, आणि जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग असतो. कोठे जावे हेच सुचत नसेल तर १४४१६ हा क्रमांक लावावा. ही केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा असून ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. जीव तत्काळ धोक्यात असेल तर ११२ लावावा. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने पुष्कळ कुटुंबे अशा वेळी गप्प बसतात; परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, मानले जाते आणि तिच्यावर त्या प्रयत्नाबद्दल खटला चालवून तिला शिक्षा करता येत नाही.

आणखी एक प्रसंग मी मुद्दाम वेगळा सांगते. घरात मारहाण होत असेल, धमक्या दिल्या जात असतील किंवा तुमचा फोन रोज तपासला जात असेल, तर नवरा-बायकोने एकत्र समुपदेशन घेणे योग्य नाही. सत्रात जे बोलले जाते त्याचा सूड नंतर बंद दाराआड उगवला जाऊ शकतो आणि समुपदेशक पडद्यापलीकडे असतो. अशा वेळी महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करावा, तोही शक्यतो शेजारणीच्या किंवा कामावरच्या फोनवरून. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावे, किंवा पोलीस ठाण्यांत चालणाऱ्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाची मदत घ्यावी. हे कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसमवेत १९८४ मध्ये सुरू केले आणि तेथे पोलीस ठाण्यात बसलेल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात.

समोरचा माणूस कोण आहे हे पाहणे

मराठीत आपण सगळ्यांनाच सरसकट "मानसोपचारतज्ज्ञ" म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो. तो मानसशास्त्रीय चाचण्या आणि उपचार करतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. ही नोंदवही परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने किंवा क्रमांकाने शोधता येते. समुपदेशक मात्र मानसशास्त्रात एम.ए. केलेला असू शकतो, समाजकार्याची पदवी घेतलेला असू शकतो, आणि दुर्दैवाने दोन शनिवार-रविवारांचे प्रमाणपत्र घेतलेलाही असू शकतो. समुपदेशकांना नोंदणीच्या चौकटीत आणण्याची तरतूद २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहे. तरीही आज समुपदेशक निवडताना चौकशीचा भार आपल्याच खांद्यावर असतो.

म्हणून पहिल्या छोट्या फोनवर संकोच न करता विचारावे. शिक्षण कोणते आणि कोठून घेतले, आमच्यासारख्या अडचणी असलेल्या लोकांबरोबर किती वर्षे काम केले आहे, कोणत्या पद्धतीने काम करता, आणि स्वतःच्या कामावर एखाद्या ज्येष्ठ तज्ज्ञाचे मार्गदर्शन घेता का? यांतला शेवटचा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत आणि मला तोच सर्वांत उपयोगी वाटला. चांगले समुपदेशक आपल्या कामाची चर्चा ज्येष्ठांबरोबर नियमाने करतात आणि तसे मोकळेपणाने सांगतात. ज्याला हे प्रश्न उद्धटपणाचे वाटतात त्याच्याकडे जाऊ नये.

पद्धतीबद्दल विचारल्यावर बहुतेकदा "सीबीटी" किंवा "आरईबीटी" ही अक्षरे कानावर पडतात. पहिलीमध्ये मनात आपोआप उमटणारे विचार पकडून ते तपासायला शिकवतात. दुसरी म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांच्या प्रयत्नांमुळे रुजली, आणि १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (आयपीएच) या संस्थेच्या कामामुळे कितीतरी मराठी घरांपर्यंत पोचली. नात्यांच्या प्रश्नांत कुटुंबाला एकत्र समोर बसवून काम करणारीही पद्धत असते. तुम्ही पद्धतींचा अभ्यास करावा अशी अपेक्षा नाही. मात्र आपण काय करतो हे समोरच्याला चार सोप्या वाक्यांत सांगता यायला हवे.

भाषेचा मुद्दा मला शिक्षणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कार्यालयात मी दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिते, पण मनातले सांगायची वेळ आली की इंग्रजी शब्द कोरडे पडतात. "आईसमोर मला कानकोंडे होते" हे वाक्य मी मराठीत सहज बोलले आणि समोरच्या बाईंना त्यातली लाज, अवघडलेपण आणि अपराधी भावना एकाच वेळी कळली. जीव टांगणीला लागतो, धसका बसतो, मनाला लावून घेतो, डोके भणभणते, घशाशी येते हे शब्द जसेच्या तसे समजणारा माणूस शोधावा. कोकणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी समुपदेशन घेत असाल तर आधी विचारून घ्यावे, कारण प्रमाण मराठीत बोलायला लावले की ते "सगळं बरं आहे" एवढेच सांगून मोकळे होतात.

खोली, दार आणि फोन

आता मूळ मुद्द्याकडे येते. सत्र सहसा पंचेचाळीस मिनिटे ते एक तास चालते, आणि तेवढा वेळ तुमचा आवाज दुसऱ्या कोणाच्याही कानावर पडणार नाही अशी जागा हवी. आतून कडी लागणारी खोली घरात असेल तर ती वापरावी आणि घरच्यांना वेळ आधी सांगून ठेवावी. कशासाठी ते सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा. "गुरुवारी सात ते आठ मला हाक मारायची नाही" एवढे स्पष्ट सांगणे पुरते. दाराच्या फटीतून आवाज जातो, म्हणून दाराबाहेर पंखा चालू ठेवावा किंवा हॉलमध्ये रेडिओ लावून ठेवावा. दोन्ही कानांत इयरफोन घालावेत, म्हणजे समुपदेशकाचा आवाज तरी तुमच्यापाशीच राहतो.

एकच खोली असलेल्या घरात हे जमत नाही, आणि महाराष्ट्रातली कितीतरी घरे एका खोलीची आहेत हे विसरून चालणार नाही. मी दुसऱ्या सत्रापासून इमारतीखाली उभ्या केलेल्या आमच्या गाडीत बसू लागले. पहिल्याच दिवशी मी रडत होते आणि रखवालदारांनी काचेवर टकटक करून विचारले, "ताई, बरं वाटत नाही का?" त्यांची काळजी खरी होती. मी काच खाली करून सांगितले की डॉक्टरांशी बोलते आहे, आणि पुढच्या गुरुवारपासून त्यांनीच ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवायला सुरुवात केली. कोणाला मैत्रिणीची खोली मिळते, कोणाला कार्यालयातली रिकामी बैठकीची खोली, कोणाला दुपारच्या वेळची गच्ची. देवळाचे आवार आणि बाग शांत वाटली तरी टाळावी, कारण ओळखीचे माणूस दिसले की आपण नकळत आवाज बदलतो. चालत्या रिक्षात किंवा लोकलमध्ये सत्र घेऊ नये. तशी वेळ आलीच तर सत्र पुढे ढकलावे.

फोन हातात धरू नये. हात अवघडतो, चित्र हलते आणि आपण स्वतःचाच चेहरा पाहत राहतो. डब्याला किंवा पुस्तकांना टेकवून फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, उजेड चेहऱ्यावर येईल असे बसावे आणि स्वतःचे चित्र दिसण्याची सोय बंद करावी. बॅटरी भरलेली असावी आणि घरचे वायफाय गेले तर फोनचा डेटा शिल्लक असावा. जोडणी तुटली तर पुन्हा फोन कोणी करायचा आणि दोन मिनिटांत जमले नाही तर साध्या फोनवर बोलायचे का, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. रडवेल्या क्षणी पडदा गोठला आणि कोणीच फोन केला नाही, तर तो एकटेपणा बराच काळ सलतो.

गुप्तता फक्त दाराने राखली जात नाही. सत्राची आठवण करून देणारा संदेश फोनच्या बंद पडद्यावर झळकतो. तो दिसू नये अशी व्यवस्था करावी. ईमेल घरात सामाईक असेल तर स्वतःचा वेगळा उघडावा. पैसे सामाईक खात्यातून यूपीआयने भरले तर पासबुकात समुपदेशकाचे नाव छापून येते, हेही लक्षात ठेवावे. अॅपमधून सेवा घेत असाल तर ते तुमची माहिती कोणाला देते हे वाचावे. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीविरुद्ध कारवाई केली, कारण तिने गुप्ततेचे वचन देऊनही ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी समाजमाध्यम कंपन्यांपर्यंत पोचवली होती. ग्राहकांना परत देण्यासाठी कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. नाव, जन्मतारीख आणि संपर्क एवढ्यावर काम भागत असेल तर अॅपला तुमची संपर्कयादी, छायाचित्रे आणि ठिकाण पाहण्याची परवानगी देण्याचे काहीच कारण नाही.

तुम्ही सत्राच्या वेळी कोठे बसला आहात तो पत्ता आणि अडचणीच्या वेळी फोन करता येईल अशा एका माणसाचा क्रमांक समुपदेशकाकडे मात्र असू द्यावा. चांगला समुपदेशक तो स्वतःहून मागतो, कारण तुम्हाला सत्रात काही झाले तर त्याला दुसऱ्या शहरातून मदत पाठवावी लागते.

पहिले सत्र

पहिल्या सत्राचा निम्मा वेळ चौकशीत जातो आणि त्याने निराश होऊ नये. झोप, भूक, जुने आजार, चालू गोळ्या, घरात कोण कोण आहे, पूर्वी कधी असे झाले होते का, हे विचारले जाते. संमतिपत्र वाचून दाखवले जाते. त्यात गुप्ततेच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्या नीट समजून घ्याव्यात. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक ती गोष्ट स्वतःपाशी ठेवत नाही. आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे बंधनकारक आहे. सत्राचे ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंनी, एकमेकांच्या परवानगीशिवाय, करायचे नाही हेही बोलून घ्यावे.

आयुष्याची सगळी कहाणी सांगण्याचा प्रयत्न करू नये. एका कागदावर गेल्या पंधरा दिवसांतला एकच प्रसंग लिहून न्यावा: काय घडले, मनात काय आले, अंगात काय जाणवले, मी काय केले. माझे पहिले सत्र वाया गेले होते, म्हणून दुसऱ्या सत्राला मी मिसळणाच्या डब्याचा प्रसंग लिहून नेला होता. आई तो शेगडीच्या डाव्या हाताला ठेवायची, मी संध्याकाळी घरी आले की उचलून उजव्या फळीवर ठेवायचे, आणि सकाळी तो पुन्हा डावीकडे असायचा. दोन महिने आम्ही दोघींनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला हे सांगायलाही क्षुल्लक वाटत होते. समुपदेशक बाईंनी मात्र त्यावर पाऊण तास घालवला, आणि हे घर आता कोणाचे आहे हा प्रश्न मी आईला विचारायला घाबरते आहे, हे त्या पाऊण तासात माझ्या तोंडून बाहेर पडले.

सत्र संपल्यावर लगेच स्वयंपाकाला किंवा कामाच्या बैठकीला लागू नये. दवाखान्यातून घरी येतानाचा प्रवास येथे नसतो, म्हणून तो आपण तयार करावा. पंधरा मिनिटे चालावे, तोंड धुवावे, काय लक्षात राहिले ते चार ओळींत लिहावे. मी इमारतीला तीन फेऱ्या मारत असे.

जोडप्यांसाठी आणि कुटुंबासाठी

नवरा-बायकोने एकत्र सत्र घेताना दोघेही एकाच चौकटीत नीट दिसतील असे बसावे. एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा खांदा दिसत असेल तर समुपदेशकाला एकाचेच मन वाचता येते. एक जण नोकरीसाठी दुबईला किंवा बंगळुरूला असेल तर दोघांनी आपापल्या फोनवरून यावे आणि दोघांनीही इयरफोन वापरावेत. एकट्याने सांगितलेली गोष्ट एकत्र सत्रात उघड केली जाईल का, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा, कारण प्रत्येक समुपदेशकाचा त्याबाबतचा नियम वेगळा असतो आणि तो मागाहून कळला तर विश्वास मोडतो. सत्रात सुरू झालेले भांडण कॅमेरा बंद झाल्यावर पुढे चालू ठेवायचे नाही, निदान त्या रात्री तरी नाही, असा करार आम्ही केला होता, आणि तो पाळणे कोणत्याही गृहपाठापेक्षा कठीण गेले. माझा नवरा पाचव्या सत्राला आला. "मी काही वेडा नाही," हे त्याचे पहिले वाक्य होते. "तुम्हाला वेडे समजून मी बोलावले नाही, तुम्ही रात्री उशिरा घरी येता तेव्हा जिन्यात काय विचार करता ते मला ऐकायचे आहे," असे बाई म्हणाल्या, आणि तो बोलू लागला.

जोडीदार येतच नसेल तर एकट्याने सुरू करावे. नात्यातला एक माणूस बदलला तरी नात्याची चाल बदलते. वाद न्यायालयात गेला असेल तर हे लक्षात ठेवावे की, १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली न्यायालयाचेही समुपदेशक असतात; त्यांचे काम आणि तुमच्या खासगी समुपदेशकाचे काम वेगळे आहे, आणि दोघांना एकमेकांची जागा घ्यायला लावू नये.

वडीलधाऱ्यांना सामील करून घेताना घाई करू नये. आईला मी आठव्या सत्रानंतर विचारले. ऐकायला त्रास होतो म्हणून फोनऐवजी लॅपटॉप आणि मोठा स्पीकर लावला, सत्राच्या आदल्या दिवशी नुसते बटण दाबून पाहण्याचा सराव केला आणि मुलीला मैत्रिणीकडे पाठवले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साताऱ्याच्या घरात अंधारात हात घातला तरी मीठ सापडायचं मला. इथं दिवसाढवळ्या सापडत नाही." तिने सुचवलेला उपायही साधा होता: महिन्यातून आठ दिवस ती साताऱ्याला जाऊन घर उघडून राहील. आम्ही तो मान्य केला, आणि मिसळणाचा डबा डावीकडेच राहिला.

भावंडे परदेशी असतील तर आईवडिलांच्या शुश्रूषेबद्दलचे एकत्र सत्र ऑनलाइनच होऊ शकते, आणि या माध्यमाचा हा फार मोठा फायदा आहे. रविवारी संध्याकाळी सात ही आपली वेळ न्यू जर्सीतल्या भावाला उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ अशी पडते, त्यामुळे कोणालाच मध्यरात्री उठावे लागत नाही. मात्र परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला स्वतःसाठी पुण्यातला समुपदेशक हवा असेल तर आधी चौकशी करावी. अमेरिकेत सर्वसाधारणपणे रुग्ण ज्या राज्यात बसला आहे त्या राज्याचा परवाना समुपदेशकाकडे असावा लागतो, आणि भारतातल्या सत्राचा खर्च तिथला विमा बहुधा देत नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः अर्ज करता येतो आणि दुभाषा मागता येतो. मानसिक संकटाच्या वेळी लावायचे क्रमांकही राहत्या देशाचेच जवळ असावेत: अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्स या मदत संस्थेचा ११६ १२३.

गोळ्या आणि पैसा

समुपदेशक गोळ्या देत नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, आणि त्याने पाठवले म्हणून घाबरू नये. डॉक्टरांनी ऑनलाइन तपासून औषध लिहून देण्याचे नियम २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत आहेत. त्यांनुसार काही औषधे पहिल्या व्हिडिओ भेटीत देता येतात, काही फक्त जुन्या उपचाराच्या पाठपुराव्यात देता येतात आणि काही अजिबात देता येत नाहीत. त्यामुळे डॉक्टरांनी "एकदा प्रत्यक्ष या" म्हटले तर ते टाळाटाळ करत आहेत असे समजू नये. चालू गोळी मनाने बंद करू नये.

शुल्क शहरानुसार आणि अनुभवानुसार फार बदलते. ते, सत्र रद्द करण्याची मुदत आणि परताव्याचा नियम पहिल्याच फोनवर विचारावा. दहा सत्रांचे पैसे आगाऊ भरू नयेत. तीन सत्रे घ्यावीत आणि मग ठरवावे. पैशांची अडचण मोकळेपणाने सांगावी, कारण काही समुपदेशक कमी शुल्कात काही जागा राखून ठेवतात. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात म्हटले आहे. परंतु बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, म्हणून आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद आहे का ते पाहावे. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी मोफत सत्रांची सोय असेल तर कोण आले याची यादी कंपनीला जाते की फक्त आकडा जातो, हे लेखी विचारून घ्यावे.

कधी बदलावे, कधी थांबावे

पहिल्याच भेटीत "घटस्फोट घ्या" किंवा "जुळवून घ्या" असा निकाल देणारा, स्वतःच्या संसाराच्या गोष्टी सांगत बसणारा, ग्रहशांती किंवा खडे सुचवणारा, बरे होण्याची हमी देणारा, रात्री उशिरा खासगी संदेश पाठवणारा किंवा सत्र चालू असताना दुसऱ्या पडद्याकडे पाहणारा समुपदेशक सोडून द्यावा. कारण द्यायलाच हवे असे नाही. "मला येथे पुढे चालू ठेवायचे नाही" एवढा एक संदेश पुरतो. मात्र समुपदेशक चांगला असूनही एखाद्या सत्रानंतर राग आला, आता जाऊच नये असे वाटले, तर ते पुढच्या सत्रात त्यालाच सांगावे. मी एकदा तसे सांगितले आणि तो आमचा सर्वांत उपयोगी तास ठरला.

सहा ते आठ सत्रांनंतर थांबून तपासावे. पहिल्या दिवशी लिहिलेला कागद काढावा आणि तोच प्रसंग आज घडला तर आपण काय करू ते पाहावे. झोप किती, कामात लक्ष किती, घरात कोणाशी बोलणे वाढले, यांची नोंद महिन्याच्या दिनदर्शिकेवर रोज एका खुणेने केली तरी चित्र स्पष्ट होते. काहीच हललेले नसेल तर पद्धत बदलायची, माणूस बदलायचा की मनोविकारतज्ज्ञाचे मत घ्यायचे, हे समुपदेशकाशीच बोलावे. फरक पडला असेल तर सत्रे एकदम बंद करू नयेत. आठवड्याची पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर न्यावीत, आणि शेवटचे सत्र ठरवून, निरोपासाठी म्हणूनच घ्यावे. त्या सत्रात पुन्हा त्रास सुरू झाल्याची आपली पहिली खूण कोणती हे लिहून घ्यावे. माझी खूण पहाटे तीनची जाग ही आहे. ती सलग चार दिवस आली तर समुपदेशक बाईंना संदेश पाठवायचा असे आमचे ठरले आहे, आणि तो कागद घरच्या औषधांच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला, नवऱ्यालाही दिसेल असा चिकटवलेला आहे.